लेडबीटर पॉसम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमध्ये राहणारी मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे सुट्टीत येणारे पाहुणे यांच्याकडून या प्राण्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही बरीच लांब. ढोल्यांबद्दलचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. वेळ कमी असेल तर आधी तेच वाचा.

लेडबीटर पॉसम म्हणजे नेमका कोणता प्राणी?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला, झाडावरच राहणारा, रात्री हिंडणारा छोटा शिशुधान प्राणी. म्हणजे कांगारू आणि कोआलासारखा पोटाशी पिशवी असलेला. त्याचं शास्त्रीय नाव जिम्नोबेलिडियस लेडबीटेराय. १८६७ साली फ्रेडरिक मॅककॉय यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि मेलबर्नच्या संग्रहालयात प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरण्याचं काम करणाऱ्या जॉन लेडबीटर यांचं नाव त्याला दिलं. आपल्या प्रजातीत (जीनसमध्ये) हा एकटाच आहे, त्याला सख्खी भावंडं नाहीत. १९७१ पासून तो व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी आहे.

आमच्या घराच्या छतावर रात्री धुडगूस घालतो तो हाच का?

नाही. मेलबर्नच्या उपनगरांत कौलांवर पळणारे, कुंपणावर बसणारे, बागेतली गुलाबाची कोवळी पानं खाणारे असतात ते ब्रशटेल किंवा रिंगटेल पॉसम. ते माणसाच्या शेजाराला सरावलेले आहेत. लेडबीटर पॉसम शहरात येत नाही, येऊ शकतही नाही. त्याला लागतं ते रान शहरात नाही, आणि आता रानातही कमीच उरलं आहे.

दिसतो कसा?

डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पंधरा-सतरा सेंटिमीटर, आणि शेपटी साधारण तेवढीच लांब. वजन १०० ते १६० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढं. अंगावर करडी-तपकिरी मऊ लव, पोट फिकट, कपाळापासून पाठीवरून खाली गेलेला काळपट पट्टा, मोठे काळे डोळे, पातळ कान. ओळखायची खूण शेपटी. ती मुळाशी बारीक असते आणि टोकाकडे झुपकेदार, रुंद होत जाते.

तो हवेत तरंगत जातो का? शुगर ग्लायडरसारखा?

ही गल्लत फार होते आणि तिला कारणही आहे. दोघे एकाच कुळातले, आकाराने आणि रंगाने जवळपास सारखे. पण शुगर ग्लायडरच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, तो ताणून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. लेडबीटर पॉसमला हा पडदा नाही. तो पळतो आणि उड्या मारतो, इतक्या चपळाईने की बॅटरीच्या उजेडात नजर ठरत नाही.

पडदा नसण्याचा परिणाम मोठा आहे. मधे पन्नास मीटर मोकळी जागा आली तर ग्लायडर ती सहज ओलांडतो. लेडबीटर पॉसमला मात्र फांदीला फांदी भिडलेली लागते. उंच झाडांच्या खाली दाट, एकमेकांत गुंतलेली मधली झाडी असेल तरच त्याचं रान सलग राहतं. मधे रस्ता किंवा तोडलेला पट्टा आला की त्याची वाट तिथेच संपते.

तो कुठे सापडतो?

मेलबर्नच्या पूर्वेला आणि ईशान्येला सेंट्रल हायलँड्स नावाचा डोंगराळ भाग आहे. हील्सव्हिल, मेरिसव्हिल, वॉरबर्टन, पॉवेलटाउन ही त्यातली किंवा त्याच्या काठावरची गावं. लांबी-रुंदीला जेमतेम साठ-ऐंशी किलोमीटर असलेल्या या टापूत त्याची बहुतेक सगळी वस्ती आहे. तिथल्या ओल्या, थंड उतारांवर निलगिरीच्या तीन जातींची रानं आहेत: माउंटन ॲश, अल्पाइन ॲश आणि शायनिंग गम. त्यातली माउंटन ॲश ही जगातल्या सर्वांत उंच वाढणाऱ्या फुलझाडांपैकी एक. टास्मानियातला तिचा एक वृक्ष शंभर मीटरच्या आसपास पोचला आहे. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला लावलेली निलगिरी डोळ्यांसमोर आणून या रानाची कल्पना येत नाही. खाली माणसाच्या दुप्पट उंचीचे ट्री-फर्न, त्यावर वॉटलची झाडी, आणि त्या सगळ्याच्या कितीतरी वर गेलेले सरळ, सालीच्या लांबच लांब पट्ट्या लोंबणारे बुंधे.

याशिवाय लेक माउंटनच्या बर्फाळ माथ्यावर स्नो गमच्या रानात आणि यलिंगबोच्या सखल दलदलीत त्याच्या छोट्या वस्त्या आढळल्या आहेत. यलिंगबोबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

खातो काय?

मुख्यतः डिंक. वॉटल ही बाभळीच्या नात्यातली झाडं आहेत. कोकणात आणि गोव्यात वनखात्याने लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ तुम्ही पाहिली असेल, ती याच गोतावळ्यातली. लेडबीटर पॉसम वॉटलच्या सालीला दातांनी खाचा पाडतो, त्यातून पाझरणारा डिंक नंतर येऊन चाटतो, आणि त्याच खाचांकडे पुन्हा पुन्हा फिरकतो. त्याला लागणाऱ्या शक्तीचा मोठा वाटा या डिंकातून येतो. प्रथिनांसाठी तो निलगिरीच्या सुटलेल्या सालींखाली दडलेले रातकिडे, कोळी, भुंगे शोधतो.

म्हणजे त्याला वॉटल हवीच. पण वॉटल अल्पायुषी, काही दशकं जगणारी. आणि ढोली हवी ती शतकं जगलेल्या झाडाची. या दोन गरजा एकाच जागी, एकाच वेळी भागायला हव्यात.

त्याचं कुटुंब कसं असतं?

एका ढोलीत एक कुटुंब. कधी दोन-तीन जीव, कधी बारापर्यंत. त्यात पिल्लं होणारी जोडी एकच, बाकीची त्यांची वाढती मुलं आणि काही वेळा बाहेरून येऊन राहिलेले नर. ढोलीच्या आत सालीचे तंतू कुरतडून केलेला गोल, दाट गादीसारखा खोपा असतो आणि त्यात दिवसभर सगळे एकमेकांना बिलगून झोपतात. हिवाळ्यात या डोंगरांवर बर्फ पडतं. एवढ्याशा जिवाला एकट्याने ती थंडी काढणं जड जातं, म्हणून ही दाटी गरजेची आहे.

घरात सत्ता मादीची. हद्द राखायला, परक्या मादीला हुसकायला तीच पुढे असते. एक ते तीन हेक्टरांची ही हद्द. मुली वयात यायला लागल्या की आई त्यांना भावांच्या आधी घराबाहेर काढते. बाहेर पडलेल्या कोवळ्या मादीला मोकळी ढोली मिळाली नाही तर ती फार दिवस तग धरत नाही. घुबडं असतात, रानमांजरं झालेली पाळीव मांजरं असतात. रानात ढोल्या कमी झाल्या की पुढच्या पिढीच्या आयाच आधी कमी होतात, ते यामुळे.

पिल्लं किती होतात?

एका वेळी एक किंवा दोन. वर्षातून दोनदा विणीचा काळ येतो, एक हिवाळ्याच्या तोंडावर आणि एक वसंतात. गर्भारपण तीन आठवड्यांपेक्षाही कमी. पिल्लू जन्मतं तेव्हा अगदी अपुरं असतं, तसंच सरपटत पिशवीत शिरतं आणि सुमारे तीन महिने तिथे वाढतं. त्यानंतर काही आठवडे ढोलीतल्या खोप्यात, मग हळूहळू आईमागे बाहेर.

रान एवढं मोठं आहे, तर त्याला राहायला जागा का मिळत नाही?

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

भारतात झाडाला भोक पाडायला सुतारपक्षी आहेत, तांबट आहेत. त्यांनी कोरलेल्या भोकांत नंतर पोपट, मैना, पिंगळे, उडत्या खारी संसार थाटतात. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाहीतच. एकही जात नाही. तिथे झाडाला ढोली पडते ती फक्त काळाने. वादळात फांदी मोडते किंवा वणव्यात बुंधा एका बाजूने होरपळतो. उघड्या पडलेल्या लाकडात बुरशी शिरते, मग वाळवी. आतला गाभा वर्षानुवर्षं सडत, पोखरत जातो आणि एक दिवस आत जागा तयार होते.

माउंटन ॲशमध्ये ही प्रक्रिया सुरू व्हायलाच शंभराहून जास्त वर्षं लागतात. साधारण १२० वर्षांच्या आसपास पहिल्या पोकळ्या दिसू लागतात. लेडबीटर पॉसमच्या अख्ख्या कुटुंबाला पुरेल अशी, तोंड अरुंद आणि आत ऐसपैस असलेली ढोली व्हायला दीडशे ते दोनशे वर्षं. आणि एक ढोली पुरत नाही. कुटुंब दर थोड्या दिवसांनी जागा बदलतं, त्यामुळे हद्दीत अशी अनेक झाडं लागतात. शिवाय गिऱ्हाईक तो एकटाच नाही. ऑस्ट्रेलियातले सुमारे ३०० जातींचे पृष्ठवंशीय प्राणी ढोल्या वापरतात. याच रानात ग्रेटर ग्लायडर, पिवळ्या पोटाचा ग्लायडर, शुगर ग्लायडर, डोंगरी ब्रशटेल, घुबडं आणि काकाकुवा रांगेत आहेत.

आता रानाचं वय बघा. सेंट्रल हायलँड्समधल्या माउंटन ॲशचा सर्वांत मोठा हिस्सा १९३९ च्या वणव्यानंतर उगवलेला आहे, म्हणजे नव्वदीच्याही आतला. त्यानंतर तोडून पुन्हा पेरलेला हिस्सा त्याहून तरुण. जुनं, कधीच न तोडलेलं, न जळलेलं रान एकूण क्षेत्राच्या एका टक्क्याच्या आसपास उरलं आहे. डोंगर हिरवागार दिसतो, नकाशावर ‘जंगल’ असा शिक्काही असतो. पण त्यातल्या बहुतेक झाडांना अजून ढोल्याच पडलेल्या नाहीत. हिरवा रंग बघून हा प्राणी तिथे सुखात असेल असं समजणं, ही सरकारी कागदांपासून सहलीला येणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची समजूत, त्याला फार महागात पडली आहे.

तो एकदा नामशेष झाला होता म्हणतात, ते खरं का?

तसं समजलं गेलं होतं. १८६७ ते १९०९ या काळात त्याचे मोजके नमुने संग्रहालयांत जमा झाले. पहिले बास नदीच्या काठचे, दक्षिण गिप्सलँडमधले. पुढे त्या भागातल्या दलदली शेतीसाठी उपसून कोरड्या केल्या गेल्या, झाडी गेली, आणि १९०९ नंतर तब्बल अर्धशतक त्याचा कुणालाच पत्ता लागला नाही. १९३९ च्या वणव्याने उरलीसुरली आशाही संपली असं बहुतेकांना वाटलं.

३ एप्रिल १९६१ च्या रात्री एरिक विल्किन्सन हे तरुण निसर्ग-अभ्यासक मेरिसव्हिलजवळच्या कॅम्बरव्हिलच्या रानात बॅटरी घेऊन पॉसमची पाहणी करत होते. उजेडात एक छोटा प्राणी थबकला. आधी शुगर ग्लायडर वाटला. मग लक्षात आलं की अंगाला पडदा नाही आणि शेपटीचं टोक रुंद आहे. थोड्याच दिवसांत त्याच परिसरात त्याची वस्तीही सापडली. ज्या राज्यात हा प्राणी संपला असं पुस्तकांत छापलेलं होतं, त्याच राज्याच्या राजधानीपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर तो मजेत राहत होता. दहा वर्षांनी तो राज्यप्राणी झाला.

१९३९ च्या वणव्याने त्याचं भलं झालं की वाईट?

दोन्ही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

१३ जानेवारी १९३९ हा दिवस व्हिक्टोरियात ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. त्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत सुमारे २० लाख हेक्टर जळालं, ७१ माणसं गेली. इतर बऱ्याच निलगिरी जळाल्या तरी बुंध्यातून पुन्हा फुटतात, माउंटन ॲश फुटत नाही. भडका मोठा असेल तर ती मरते, आणि शेंड्यावरच्या फळांतलं बी खालच्या राखेत पडून सगळं रान एकदमच नव्याने उगवतं. जमिनीत झोपलेलं वॉटलचं बीही त्याच वेळी रुजतं.

जळून मेलेले जुने वृक्ष मात्र लगेच पडत नाहीत. पांढरे पडून, निष्पर्ण, ते दशकानुदशकं उभे राहतात. त्यांना इथे ‘स्टॅग’ म्हणतात. तर झालं असं, की वणव्यानंतर वीस-तीस वर्षांनी खाली भरघोस वॉटल आणि वर ढोल्यांनी भरलेली वाळकी खोडं, अशी लेडबीटर पॉसमला हवी ती जोडणी आपोआप जुळून आली. साठच्या दशकात तो सापडला, ऐंशीच्या दशकात जागोजागी दिसू लागला, ते त्याच पुण्याईवर.

पण ती पुण्याई सरत चालली होती. वणव्यानंतर वाळलेलं लाकूड वाया जाऊ नये म्हणून हजारो स्टॅग तोडून नेले गेले. उरलेले वारा-पावसाने एकेक करून कोसळत गेले. त्यांच्याखाली वाढलेली झाडं अजून पोकळ व्हायच्या वयाची नाहीत. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे डेव्हिड लिंडनमायर १९८३ पासून या रानातल्या ठरावीक जागांवर ढोलीची झाडं आणि प्राणी मोजत आले आहेत. जुनी खोडं पडत आहेत आणि त्यांची जागा घेणारं कुणी नाही, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोंदींतून स्पष्ट दिसतं.

२००९ च्या वणव्यात काय झालं?

७ फेब्रुवारी २००९, ‘ब्लॅक सॅटरडे’. १७३ माणसं मृत्युमुखी पडली. मेरिसव्हिल गाव जवळपास पूर्ण बेचिराख झालं. तिथे आज गेलात तर गावातली बहुतेक घरं नवी दिसतील, त्याचं कारण हे. लेडबीटर पॉसमच्या रानाचा साधारण तिसरा हिस्सा जळाला. लेक माउंटनवर वणव्याआधी काही शेकड्यांची चांगली वस्ती होती, नंतर बोटांवर मोजण्याइतके जीव उरले. त्यांच्यासाठी ढोलीऐवजी लाकडी पेट्या झाडांवर लावल्या गेल्या, बर्फात खाणं पुरवलं गेलं.

जळलेल्या भागात तो बरीच वर्षं परतत नाही, आणि तिथल्या कोवळ्या माउंटन ॲशला आणखी एक धोका आहे. झाडाला बी धरायला साधारण वीस वर्षं लागतात. त्याआधी पुन्हा वणवा आला तर राखेत पडायला बीच नसतं, आणि ॲशचं रान जाऊन तिथे नुसती वॉटलची झाडी होते.

लाकूडतोडीचा वाद नेमका काय होता?

या रानातलं लाकूड दशकानुदशकं कापलं जात होतं. काही फळ्या-तुळयांसाठी, बरंचसं कागदाच्या लगद्यासाठी. पद्धत सरसकट तोडीची: ठरवलेल्या तुकड्यातली झाडं कापायची, उरलेला पालापाचोळा पेटवायचा, मग बी पेरायचं. काम व्हिकफॉरेस्ट्स या राज्य सरकारच्या कंपनीकडे होतं. तोडणाऱ्यांचं म्हणणं होतं की रान पुन्हा उगवतं. ते खरंच आहे, उगवतं. पण दर ऐंशी वर्षांनी कापायचं ठरवलेल्या रानात दीडशे वर्षांचं झाड कधीच तयार होणार नाही, हा साधा हिशेब आहे.

२०१४ पासून पॉसम दिसलेल्या जागेभोवती २०० मीटरपर्यंत तोड करायची नाही असा नियम आला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत टाकलं. ‘फ्रेंड्स ऑफ लेडबीटर्स पॉसम’ ही स्वयंसेवकांची संस्था व्हिकफॉरेस्ट्सविरुद्ध फेडरल कोर्टात गेली. मे २०२० मध्ये न्यायमूर्ती डेब्रा मॉर्टिमर यांनी संस्थेच्या बाजूने निकाल दिला आणि ६६ तुकड्यांतली तोड बेकायदेशीर ठरली. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, अपिलात तो निकाल फिरला. पाठोपाठ ग्रेटर ग्लायडरच्या बाबतीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात इतर संस्था जिंकल्या आणि तोडीचं काम जवळपास ठप्प झालं. शेवटी मे २०२३ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की नैसर्गिक रानांतली व्यापारी तोड २०३० ऐवजी १ जानेवारी २०२४ पासूनच बंद होईल.

या निर्णयाने पॉवेलटाउन, ऑर्बोस्टसारख्या गावांतल्या गिरणी-कामगारांचं पोट गेलं, हेही तितकंच खरं. सरकारने त्यांना भरपाई आणि नवं काम शिकण्यासाठी पैसे दिले. पण तीन पिढ्या लाकडाच्या धंद्यात असलेल्या घराला एवढ्याने सावरता येत नाही, आणि प्राण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला वाटतं.

तोड थांबली. मग आता धोका टळला ना?

एक धोका टळला. ढोल्यांचा तुटवडा तसाच आहे. १९३९ साली उगवलेल्या झाडांना चांगल्या ढोल्या पडायला अजून अर्धं शतक किंवा जास्त जाईल, आणि तोवर जुन्या खोडांचं पडणं चालूच राहील. हा मधला काळ कसा निभावायचा, यावर आज सगळी मेहनत आहे.

दुसरीकडे उन्हाळे जास्त कोरडे होत आहेत आणि वणवे लवकर-लवकर येत आहेत. वणवा अडवण्यासाठी रस्त्यांच्या कडेची झाडं हटवून रुंद पट्टे केले जातात, त्यात जुनी ढोलीची झाडंही जातात. यावर वाद सुरू आहे. सगळी रानं जोडून एक मोठं ‘ग्रेट फॉरेस्ट नॅशनल पार्क’ करावं ही मागणी बरीच जुनी आहे.

लाकडी पेट्या लावल्या की प्रश्न सुटणार नाही का?

थोडा सुटतो. पेट्यांनी काही ठिकाणी, विशेषतः लेक माउंटन आणि यलिंगबोत, खरोखर जीव वाचवले आहेत. पण माउंटन ॲशच्या रानात केलेल्या चाचण्यांत बऱ्याच पेट्या रिकाम्याच राहिल्या, आणि ओल्या हवेत दहा-एक वर्षांत कुजून, निखळून पडल्या. पातळ फळीची पेटी हिवाळ्यात गारठते आणि उन्हाळ्यात तापते. जुन्या झाडाच्या जाड भिंती आतलं तापमान धरून ठेवतात, ते फळीला जमत नाही.

अलीकडे एक वेगळा उपाय बरा ठरतोय. दोराने झाडावर चढून, उभ्या जिवंत झाडाच्या बुंध्यातच साखळी-करवतीने पोकळी कोरायची आणि तोंडावर छोटं भोक ठेवून लाकडाचीच झडप बसवायची. भिंती झाडाच्याच असल्याने ऊब टिकते. पॉसम अशा पोकळ्या वापरतात हे कॅमेऱ्यांत दिसलं आहे. काम कष्टाचं, महाग आणि धोक्याचं. हजारो हेक्टरांवर ते करता येणार नाही, पण जिथे वॉटल भरपूर आहे आणि फक्त ढोल्याच नाहीत अशा जागी त्याचा उपयोग होतो.

यलिंगबोची वस्ती वेगळी का मानतात?

यलिंगबो हे मेलबर्नपासून पन्नासेक किलोमीटरवरचं छोटं राखीव क्षेत्र. १९८६ मध्ये तिथल्या दलदलीतल्या निलगिरींत लेडबीटर पॉसम सापडले. सखल भागात टिकलेली ही शेवटची वस्ती, १८६७ च्या त्या पहिल्या नमुन्यांच्या प्रकारच्या रानातली. डोंगरावरच्या भाईबंदांपासून ती इतका काळ तुटलेली आहे की जनुकीयदृष्ट्या वेगळी झाली आहे. पण आता तिथे पन्नासहूनही कमी प्राणी आहेत. पूर्वी केलेल्या चरांमुळे पाण्याचा स्वभाव बदलला, काही जागी झाडं बुडून तर काही जागी सुकून मरत गेली.

इतक्या थोड्या जिवांत नात्यातच पिल्लं होत राहतात आणि पुढची पिढी अशक्त होते. म्हणून हील्सव्हिल अभयारण्यात झूज व्हिक्टोरिया या प्राणिसंग्रहालयांच्या संस्थेने सखल भागातल्या प्राण्यांचं प्रजनन हाती घेतलं. वर्षानुवर्षं यश फार कमी आलं. आता डोंगरावरचे आणि सखल भागातले प्राणी एकत्र आणून नवं रक्त मिसळण्याचा मार्ग स्वीकारला आहे. वेगळेपण जपायचं की वस्ती जगवायची, यात त्यांनी जगवण्याला कौल दिला. मला तो योग्य वाटतो.

इतका छोटा, रात्री फिरणारा प्राणी मोजतात कसा?

जुनी आणि अजूनही विश्वासाची पद्धत म्हणजे स्टॅगवॉच. सूर्य मावळण्याच्या थोडं आधी प्रत्येकाने एकेका ढोलीच्या झाडाखाली बसायचं. जागा अशी निवडायची की खोडाचा शेंडा आणि ढोलीचं तोंड मागच्या आकाशावर काळं उठून दिसेल. मग बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही, हलायचं नाही. जळवा पायमोज्यात शिरतात, त्या शिरू द्यायच्या. खालून लायरबर्डच्या शेवटच्या हाका येतात, मग तेही थांबतात. आकाश राखाडी होतं आणि नेमकं त्या वेळी ढोलीच्या काठावर एक ठिपका दिसतो. डोकं बाहेर येतं, क्षणभर थांबतं, आणि पुढच्या क्षणी तो बुंध्यावरून खाली निघून गेलेला असतो. पाठोपाठ दुसरा, तिसरा. तुमचं काम फक्त मोजण्याचं आणि वेळ लिहिण्याचं. कधी दोन तास बसून एकही दिसत नाही. तीही नोंदच असते, तितकीच कामाची.

नव्या पद्धतीत झाडावर उंच स्वयंचलित कॅमेरे बांधतात आणि समोर मधाचं आमिष ठेवतात. उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीही आता वापरात आहेत. या कॅमेऱ्यांमुळे पूर्वी हुकलेल्या अनेक वस्त्या सापडल्या.

न्यू साऊथ वेल्समध्येही तो सापडला, ही बातमी खरी आहे का?

खरी आहे, आणि फार मोठी आहे. कोझियुस्को राष्ट्रीय उद्यानात दुसऱ्याच कामासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये टिपलेल्या छायाचित्रांत लेडबीटर पॉसम आढळला. २०२५ मध्ये ते जाहीर झालं. त्या राज्यातल्या गुहांत त्याची फार जुनी हाडं मिळालेली होती, पण जिवंत प्राणी तिथे कुणी पाहिला नव्हता. व्हिक्टोरियातल्या वस्तीपासून ही जागा कितीतरी दूर आहे, म्हणजे ती वस्ती स्वतंत्रपणे टिकून राहिलेली असणार. यामुळे व्हिक्टोरियातली निकड कमी होत नाही. पण एकाच वणव्यात जगातले सगळे लेडबीटर पॉसम संपतील ही भीती थोडी हलकी झाली.

एका छोट्या प्राण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याने सकाळचा चहा मेलबर्नच्या नळाच्या पाण्याचा केलेला असेल, तर ते पाणी बहुधा याच रानातून आलेलं असतं. अप्पर यारा, ओशॅनसी, मरूंडा, थॉमसन ही शहराची पाणलोट क्षेत्रं माउंटन ॲशने झाकलेली आहेत. झपाट्याने वाढणारं तरुण रान जुन्या रानापेक्षा बरंच जास्त पाणी स्वतः पितं, त्यामुळे रान जळालं किंवा तोडलं गेलं की पुढची अनेक दशकं धरणात कमी पाणी येतं. शिवाय इथल्या जुन्या रानात एका हेक्टरमागे १,८०० टनांहून जास्त कार्बन साठलेला मोजला गेला आहे, जगात नोंदलेल्या सर्वाधिक साठ्यांपैकी एक.

हे सगळं खरं असलं, तरी मला विचाराल तर पाणी आणि कार्बन हिशेबात धरले नाहीत तरी या प्राण्याला जगण्याचा हक्क आहे.

आपल्याकडे याच्याशी ताडून पाहण्यासारखं काही आहे का?

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरूही झाडावरच राहणारा, फांद्यांची सलगता लागणारा. भीमाशंकरचं अभयारण्य त्याच्यासाठीच. पण शेकरू काटक्या-पानांचं घरटं स्वतः बांधतो, त्याला ढोलीवाचून अडत नाही. खरं साम्य धनेशाशी आहे. कोकणात महाधनेशाची मादी जुन्या बेहड्याच्या किंवा आंब्याच्या मोठ्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिल्लं वाढेपर्यंत आतच राहते. ती ढोलीही सुतारपक्ष्याच्या आवाक्यातली नाही, जुन्या झाडालाच पडलेली लागते. देवरायांत असे बेहडे राहिले म्हणून कोकणात धनेश राहिले. खासगी रान ठेकेदाराला देताना ‘पोकळ झाड, काय कामाचं’ म्हणून तेच आधी विकलं जातं.

लेडबीटर पॉसम पाळता येतो का?

नाही. कायद्याने बंदी आहे. ‘छोटा पॉसम’ म्हणून हौसेने विकले जातात ते शुगर ग्लायडर असतात, आणि त्यांनाही पिंजऱ्यात ठेवणं हा अन्याय आहे. ते कळपाने राहणारे, रात्रभर झाडांवर हिंडणारे जीव आहेत.

त्याचं रान पाहायला कुठे जावं?

हील्सव्हिलहून नार्बेथाँगकडे जाणारा ब्लॅक स्परचा रस्ता धरा. दोन्ही बाजूंना माउंटन ॲश आणि ट्री-फर्न आहेत. पुढे मेरिसव्हिल आणि तिथून कॅम्बरव्हिल. दिवसा प्राणी दिसणार नाही, पण झाडं बघताना एक करा: कुठलं खोड सरळ, गुळगुळीत, सारख्या जाडीचं आहे आणि कुठलं मोडक्या शेंड्याचं, गाठाळ, भोकाभोकांचं, ते निरखा. दुसऱ्या प्रकारची किती थोडी आहेत ते लगेच ध्यानात येईल.

मला मदत करायची आहे. काय करू?

मेलबर्नच्या जवळपास राहत असाल तर स्टॅगवॉचला या. स्वयंसेवी संस्था उन्हाळ्यात आणि शरदात त्याची आमंत्रणं देतात, अनुभव लागत नाही. घडीची खुर्ची, गरम कपडे, लांब मोजे आणि साधी दुर्बीण पुरते. दहा-बारा वर्षांवरची मुलं चालतात, शांत बसू शकत असतील तर. यलिंगबोत दलदलीची झाडं लावण्याचं काम हिवाळ्यात असतं, तिथे हात कमीच पडतात. घरी मांजर असेल तर रात्री घरात ठेवा, विशेषतः डोंगराजवळच्या गावांत. राज्याच्या वनविषयक आराखड्यांवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा दोन परिच्छेद का होईना लिहून पाठवा. त्यासाठी नागरिक असण्याची अट नाही, इथे शिकायला आलेली मुलंही पाठवू शकतात.

भारतात असाल आणि गावाकडे स्वतःचं रान किंवा परसात जुनं पोकळ झाड असेल, तर ते विकू नका. घरावर किंवा वाटेवर कलत असेल तर धोक्याच्या फांद्या उतरवून बुंधा तसाच उभा ठेवता येतो.